मोसंबी

पहिल्या दिवशी मगदूम बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं
आणि पुढ्यात मोसंबी ठेवली, न सोललेली.
"दस्तगीरभाई, ही इराची मांडी समजा."
मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

मुदत संपलेलं पेन माझ्या हातात.
मूठ आवळा, अंगठा टोकावर ठेवू नका.
निळं टोपण सरळ ओढा.
केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मध्यावर,
टक् ऐकू येईस्तोवर दाबा,
मग सावकाश तीन आकडे.
सलवारीवरून चालतं. शिवणीवर नको, खिशावर नको.

सालीला टाचणीएवढं भोक पडलं,
त्यातून एक थेंब.
वीस वर्षं रिक्षा चालवतोय, मिरज ते विश्रामबाग,
क्लचची केबल अंधारात बदलतो,
पण त्या थेंबाकडं बघून हात लटपटला.
अब्बा सांगायचे, दस्तगीर म्हणजे हात देणारा.

सांगलीत शेंगदाणा टाळायचा
म्हणजे कृष्णेत उभं राहून पाय कोरडे ठेवायचे.
कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट,
उपासाला तर कूटच,
पाहुणा आला भडंग, मॅच जिंकली भडंग,
माझ्याच सीटखाली झाडलं तर मूठभर दाणे निघाले.
तेव्हापासून रोज सकाळी ओल्या फडक्यानं सीट पुसतो.
पोरं म्हणतात, काकांना बघायला कोणी येणाराय.

पेन डिकीत ठेवत नाही,
एप्रिलात तिथं अंडं उकडेल.
फ्रीजमध्येही नाही.
इराच्या दप्तरात लाल पिशवी, आत दोन पेनं.
दर सोमवारी खिडकीतून बघतो:
औषध पाण्यासारखं हवं,
चहाचा रंग आला की बाद.

बुधवारी मार्केट यार्डाच्या पुढं
प्रणीतनं वाढदिवसाचा लाडू वाटला.
राजगिऱ्याचा आहे, म्हणाला.
होता राजगिऱ्याचाच. वर आणखी काय होतं
ते त्याला कुठं माहीत.

"काका, जीभ खाजतीय."
मग खोकला.
आरशात मानेवर लाल चट्टे दिसले,
आणि पुढचं "काका" दुसऱ्याच कुणाच्या आवाजात आलं,
घोगऱ्या, बसलेल्या.

मी विचारलं होतं बाईंना तेव्हाच,
उगाच टोचलं गेलं तर?
"थोडा वेळ छाती धडधडेल, हात थरथरतील.
उशीर झाला तर..."
वाक्य तसंच सोडून
त्या मोसंबी सोलायला लागल्या होत्या.

रिक्षा कडेला.
इराला सीटवर आडवी केली, पाय दप्तरांच्या ढिगावर.
खाजेची गोळी शोधली नाही,
घरी फोन लावून विचारत बसलो नाही.
प्रणीत रडत होता, त्याला म्हटलं, तिचे पाय धर.
टोपण.
टक्.
एक
दोन
तीन.

पानपट्टीवाल्यानं एकशेआठला फोन लावला.
इराच्याच स्केचपेननं मनगटावर लिहिलं: बारा बावन्न.
दुसरं पेन हातात धरून बसलो, टोपण न काढता.
पाच मिनिटांत फरक नाही पडला तर तेही द्यायचं होतं.
घड्याळाचा काटा असा चालतो
जसा गणपतीत हरभट रोडवर ट्रॅफिक.
चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, "मला उठायचंय."
आवाज तिचाच होता.
म्हटलं, झोपून राहा बाळा, बरं वाटलं तरी.

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं,
पुन्हा उलटू शकतं म्हणाले.
मगदूम बाई आल्या. आधी पोरीला बघितलं,
मग माझं मनगट धरून वेळ वाचली,
आणि बराच वेळ धरूनच ठेवलं.

रात्री शमशादनं ताट वाढलं. भाकरी, दाण्याचा ठेचा.
मी वाटी बाजूला सारली.
"तुम्हाला कुठं काय होतंय?"
नाही होत.
पण परवा ती त्याच सीटवर बसणाराय,
आणि दार मी लावतो, माझ्या हातानं.