वीतभर

मे महिना. गोळीबार चौकातली गच्ची.
कूलरच्या उरलेल्या पत्र्याचा
कर्णा केलाय हर्षालीनं, तोंड आभाळाकडे.
"पाणी कुठून टाकतेस गं यात?"
परातेकाका, सतरंजी झटकत.

ती वीत ताणून दाखवते.
याहून जराशी आखूड
लाट असते, काका. हायड्रोजनची.
एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन;
दोघांच्या गिरक्या एकाच दिशेच्या असल्या
की कणभर ऊर्जा जास्तीची,
अंगाखाली खडा आल्यासारखी.
मग केव्हातरी इलेक्ट्रॉन कूस पालटतो
आणि ती लाट सुटते.
"केव्हा?"
कोटभर वर्षांत एकदा.
"हात्तिच्या! मग बसलीस काहून?"

पडद्यावर नुसती खरखर:
गल्लीतल्या सगळ्या मोटारी बोलताहेत.

दीडला लाइन गेली.
मोटारी गप्प, पाती उगाच फिरत राहिली थोडा वेळ.
लोक शिव्या देत वर आले,
उशा, माठ, पेंगणारी पोरं.
लॅपटॉपमध्ये अकरा टक्के
आणि खरखरीतून उठलेली एक टेकडी,
सेमिनरी हिल्सइतकीही नाही.

"असे असतील तरी किती गं,
की कोणाची ना कोणाची पाळी आत्ताच यावी?"

ती शून्यं मोजून सांगेपर्यंत
काका त्या कुशीवर.