चौथी पायरी

तालुक्याहून मेसेज आला आहे:
लस-नोंदणीच्या ॲपबद्दल आपण किती समाधानी आहात?
पाचपैकी तारे द्या. शेवटची तारीख आज.

तर साहेब, सांगते.
रेंज येते ती पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर.
तिसरीवर नाही. पाचवी तुटली आहे.
तिथे उभी राहून मी कोलाम पोडावरच्या
एकतीस लेकरांच्या वेळा घेतल्या,
दहा-दहा मिनिटांच्या.
मारूबाई टेकामच्या पोराची दहा दहा ते दहा वीस.
मारूबाई विचारते,
"कापूस मोजून झाल्यावर आली तं चालन का, सिस्टर?"
चालन, म्हणते मी.
ॲप लाल होतं.

ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर
आणि नवरा असतो बल्लारशाला, कोळशाच्या ट्रकवर.
"कोन बोलून रायलं?"
सिस्टर बोलते. आकडा सांगा.
"ब्यांकेवाल्यानं सांगतलं, आकडा कोनाले सांगाचा नाही."
बरोबरच आहे त्याचं.

जन्मतारीख विचारली तर म्हणतात,
मोहफुलं वेचून झाली होती, पन वाळली नोयती.
त्यासाठी ॲपमध्ये रकाना नाही.
मी टाकते बारा एप्रिल.
अर्ध्या पोडाचा वाढदिवस बारा एप्रिलला येतो, साहेब,
माझ्यामुळे.

आणि गोवराची कुपी एकदा उघडली की चार तास.
ती कुणासाठी थांबत नाही,
गोल फिरणाऱ्या त्या चकरीसाठी तर नाहीच.

तरी एक राहिलं.
पौषात एक बाई आली, आदिलाबादेकडून, वेचणी संपवून.
पोर कडेवर, कार्डाचा भिजून लगदा.
किती सुया झाल्या? तिलाही ठाऊक नाही.
मी टाकीवर चढले, नंबर घातला.
उघडलं.
नाव तेलुगू वळणाचं, गंगुलू,
आणि खाली तीन तारखा, एकाखाली एक,
तिकडच्या कुण्या सिस्टरनं भरलेल्या.
तीही अशीच चढली असेल कशावर तरी,
एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पदर.
मी तिला ओळखत नाही.
पण त्या दुपारी पायरीवरूनच म्हटलं,
पोचलं गं बाई, पोचलं.

तेव्हा तीन तारे, त्या तीन तारखांचे.
चौथ्यावर बोट ठेवलं होतं,
मग काढून घेतलं.

सूचनेच्या रकान्यात एवढंच लिहिलं आहे:
टाकीची पाचवी पायरी
दुरुस्त करून मिळावी, ही विनंती.