सतरा सेकंद

दाभोळच्या जेट्टीला फेरीबोट टेकते
तिथून तिसरं दुकान माझं.
मोबाईलच्या काचा, चार्जर, झेरॉक्स,
आणि गेल्या मे महिन्यापासून
केपटाऊनच्या एका पॉडकास्टचे आवाज साफ करायचं काम.

आसिया सारंग मेसेज पाठवते,
अर्धा इंग्लिश, अर्धा तिच्या घरातल्या कोकणीत,
जी इथे आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी आहे.
भाग एकतिसावा, ती लिहिते. शरफूचाचांना विचार,
तुम्ही स्वतःला कोण समजता?
विषय : दक्षिण आशियाई माणसाची ओळख.

शरफुद्दीन सारंग, वय एक्याऐंशी,
बत्तीस वर्षं जहाजाच्या पोटात तेलवाले.
मी विषय वाचून दाखवला.
म्हणाले, आसिया ती पोरगी, दक्षिण तिचा गाव.
माजा यात काय हाय?

तरी पाऊण तास बोलले.
माईकला मी पायमोजा घातला होता, वारा लागू नये म्हणून;
त्या पायमोज्याकडे बघत बोलले.
कुठल्या बंदरात पाणी विकत, कुठल्यात फुकट.
गोदीतल्या कारकुनाला सारंग हा हुद्दा वाटला,
त्याने आडनावाची जागा कोरी सोडली,
आणि हे तीन वर्षं कागदावर नुसते शरफुद्दीन,
पुढे एक रेघ.
चुलतभाऊ कांजिण्या घेऊन केपटाऊनला उतरला
तो उतरलाच.
त्याची नात ही.

मग मी विचारलं, चाचा, तुम्ही कोण?

स्क्रीनवर रेघ सपाट झाली.
सतरा सेकंद.

आमच्या सॉफ्टवेअरला गप्प बसणं समजत नाही.
अर्ध्या सेकंदापुढे जे काही असेल ते त्याला रिकामं.
ते कापलं.
बर्फाच्या कारखान्याची घरघर कापली,
धोपाव्याहून निघालेल्या फेरीचा भोंगा,
कोंबडीला शिव्या घालणारी त्यांची सून,
आणि उरला एक स्वच्छ आवाज
कुठेच न बसलेल्या माणसाचा.
ना पडवी, ना दुपार.

रात्री शटर अर्धं ओढून मी ते सतरा सेकंद परत आणले.
कानात दाबून ऐकले.
टक्. टक्टक्. टक्.
खुर्चीच्या हातावर बोट.

वेगळी फाईल करून पाठवली. का, ते ठाऊक नाही.
दोन वाजता उत्तर आलं :
माझे बाबा लाल सिग्नलला थांबले की
स्टिअरिंगवर हेच वाजवतात.
आई म्हणते, घाई झालीय याला.
बाबांनी दाभोळ बघितलेलं नाही.
इंजिनरूमही नाही.

सकाळी चाचांना सांगितलं.
त्यांनी स्वतःचं बोट असं पाहिलं
जसं कुणी ते त्यांच्याकडे ठेवायला दिलं होतं.
बेरिंग तापला की असा वाजतो, म्हणाले.
आमी दोघा एकाच पाळीला व्हतो. ऐकत बसायचो.

भाग आला.
सतरा सेकंदांचे चार झाले होते;
लोक थांबत नाहीत रे, आसियाने लिहिलं, वाईट वाटून घेऊ नकोस.
शेवटी माझं नाव होतं,
माझं आहे हे कळायला मला दोनदा ऐकावं लागलं.

चाचांना स्पीकरवर लावून दिलं.
थोडं ऐकलं. मान तिरकी केली.
ह्यो कोन बोलतंय?
तुम्हीच की.
नाय, म्हणाले. ह्याच्या मागं कायच वाजत नाय.

अजून येतात. चार्जर नेहमी बिघडलेला असतो.
बाकावर बसतात,
माझी नजर तिकडे गेली
की उजवा हात मांडीवर उपडा घालून
त्यावर डावा ठेवतात.