गुरुवारचा प्रसाद

पिटकोळीच्या कळ्या ओल्या करून
भटांनी देवीच्या अंगावर लावल्या,
डाव्या हाताशी एक, उजव्या हाताशी एक.
मग गाऱ्हाणं घातलं. मी फक्त मान हलवली.
आई, अकरा वर्षं झाली,
पाटाच्या पाण्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही,
ह्यानं आपणहून जावं असं असेल तर उजवी दे,
नसेल तर डावी.

आम्ही बसलो.
समईची वात दोनदा पुढे सारून झाली.
कुणाचं तरी पोर आत येऊन घंटा बडवून गेलं.
कळ्या होत्या तिथंच, दगडातच कोरल्यागत.
शेवटी भट म्हणाले,
"आयज ती उलयना. सोमारा येयात."

देवीलाही आमच्या कुळागराचा कंटाळा आला असणार.

बाणस्तारीला पोचलो तर बस नुकतीच गेलेली,
धूळ अजून हवेतच.
बाजार उठत होता. मिरच्यांच्या पोत्यांची तोंडं शिवत होते,
पुलाखाली भरतीचं पाणी चढत होतं.
माशांच्या पाटलीपाशी एक बाई
येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी.
(पलीकडून कुणी "रुझालीन" म्हणून हाक मारली,
म्हणून नाव कळलं.)
पाटली एकट्याला उचलता येते.
डोक्यावर ठेवायला मात्र दुसरं माणूस लागतं.

गुरुवार. देवळातून तसाच आलेला मी.
तरी हात पुढे झाले, मला न विचारता.
खारं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.
चुंबळ सारखी करत ती म्हणाली, "देव बरें करूं."
आमच्याकडे आभार असेच मानतात,
सगळी उधारी त्याच्या खात्यावर टाकून मोकळे.

मग तो मुलगा.
स्कूटरवर पार्सलांचा डोंगर, छातीवर पट्टी: कुजूर.
फोनची रेंज गेलेली.
"अंकल, खांडोळा में नायक का घर?"
अरे बाबा, खांडोळ्यात नायक किती!
चिठ्ठी बघितली, आणि सांगू लागलो
जसं कुणालाही सांगतो:
चढ संपला की फणसाचं झाड,
पुढे सगुणचं फाटक, हिरवं,
तिथून उजवीकडे.

तो गेला. मी तसाच उभा.

सगुण.
अकरा वर्षं मी त्याला "तो" म्हणत आलो,
"पलीकडचा" म्हणत आलो, "ती माणसं".
आणि वर उजवीकडे.

आता हे सांगू कुणाला?
तो रस्ता पोर्तुगीज होते तेव्हापासून उजवीकडेच वळतो.
बस लवकर सुटते ती ड्रायव्हरच्या घाईनं,
रेंज जाते ती डोंगरामुळे.
प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं कारण आहे, कबूल.
पण ती सगळी कारणं
त्या संध्याकाळी एकाच थांब्यावर
एकमेकांची ओळख नसल्यासारखी उभी होती.

आणि मी?
बाईला वाटलं असेल, सायबिणीनं दोन हात धाडले.
पोराला वाटलं असेल, बरा भेटला म्हातारा.
मला कुणी ओलं करून कुठं लावलं होतं,
कुणाच्या गाऱ्हाण्यासाठी पडलो मी,
डावा की उजवा,
मला काय ठाऊक.

पुढच्या बसनं खांडोळ्याला उतरलो.
दिवेलागण होऊन गेलेली.
फाटकाशी आलो आणि कडीला हात न लावता थांबलो.
अकरा वर्षांत एक वाक्यसुद्धा
तयार करून ठेवलं नव्हतं.

माझ्या हातांना अजून माशांचा वास.
आतला कुत्रा उठला, फटीतून नाक काढून
बराच वेळ हुंगत राहिला,
मग पोफळी हादरतील असा भुंकला.

सोप्यावरचा दिवा लागला.
"कोण तें?"