सहा ते वीस

पहिल्या दिवशी कॉटपासून खिडकीपर्यंत.
नऊ पावलं. खिडकीत एक कबूतर,
ते बघत होतं, ह्या गड्याला काय झालंय म्हणून.

अफसाना मुजावर, वय असेल पंचवीस,
हातात तक्ता: सहा म्हणजे काहीच नाही,
वीस म्हणजे आता जीव जातोय.
"काका, किती दम लागला? आकडा सांगा."
मी म्हटलं, सतरा.
"मग बसा."
चाळीस वर्षं उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडली,
मला बसा म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

पायातली शीर काढून छातीत बसवली.
ह्याचं मला नवल नाही,
एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला,
आमच्याकडं रोजचंच.
नवल वाटलं तारांचं.
छातीचं हाड तारांनी बांधलंय
आणि खोकला आला की उशी उराशी धरायची,
तान्हं पोर धरावं तशी.
शालन हसायची. मग तोंड फिरवायची.

दुसऱ्या महिन्यापासून रंकाळा, दिव्याच्या खांबांवर हिशेब.
दोन खांब. बाक. दोन खांब परत.
मागनं येऊन पुढं जायचे सगळे,
सातवा महिना लागलेली बाई,
गाडा ढकलणारा आइस्क्रीमवाला,
आणि कुंभार मास्तर, वय एक्क्याऐंशी.
जाता जाता म्हणाले,
"सावकाश भावा, तळं कुठं पळून जात नाही."
राग आला. आठवडाभर पुरला.
त्या रागावरच पाचवा खांब गाठला.

पाचव्या महिन्यात अकरा खांब होत होते,
तिथनं तीनवर आलो.
छातीत काही नाही, पायात काही नाही,
नुसती चप्पल घालाविशी वाटेना.
पडून पडून तिचं कातडं कडक झालं.
एका सकाळी बघतो तर शालननं
तेल लावून उंबऱ्याशी ठेवलेली,
तोंड बाहेरच्या बाजूला.

नवं बोअर केलेलं इंजिन
सुरुवातीला अर्ध्या लोडवरच चालवायचं,
हे मी किती पोरांना शिकवलं असेल.
घाई केली की रिंगा धरतात.
आता शिकवणारा मी आणि न ऐकणारं पोरगंही मीच.

हिंदुरावाच्या नातवाचं बारसं.
तांबड्या रश्श्याचा वास: सात.
वाटी पुढं सारणं: एकोणीस.

चौदाव्या महिन्यात वर्कशॉपवर गेलो.
शिरोळच्या मळ्यातलं एक जुनं पाच एचपी आलेलं,
हँडल मारून सुरू होणारं.
प्रज्योत चारदा मारून घामाघूम.
माझा हात गेला हँडलकडं.
गेला, आणि मधेच थांबला.
भीतीनं नव्हे, असं मी आज म्हणतो.

"तू मार. कळ मी धरतो."
कळ उचललेली असली की इंजिन हलकं फिरतं,
वेग धरला की नेमकी सोडायची.
आधी सोडली तर हँडल उलटं येऊन मनगट मोडतं,
उशिरा सोडली तर पोरगं फुकट दमतं.
फिरव. फिरव. अजून.
आता.

धक.
धक, धक,
आणि मग पत्रे, पाण्याची टाकी,
टेबलावरचा चहाचा ग्लास,
सगळं हलायला लागलं.
प्रज्योतनं माझ्याकडं बघितलं.
मी डिझेलच्या नळीकडं बघत राहिलो.

रिक्षा केली नाही.
बिंदू चौकात एकदा टेकलो,
महाद्वार रोडला गर्दीनंच सावकाश चालवलं.
शालननं दार उघडलं. "किती?"
"तेरा."
तक्त्यावर तेरापुढं लिहिलंय: थोडं जड.

"मग तसंच जावा, दळण तेवढं आणा,
गिरणी बंद व्हायची."
डबा सात किलोचा.
तिला माहीत होतं, मलाही.
आकडा कुणीच काढला नाही.