आईचं कूळ

वायंगणीच्या किनाऱ्यावर पहाटे
घमेल्यातली पिल्लं सोडताना
वर्ना म्हणाली, मी कासवाच्या कुळातली.
ओनायडा. उभ्या शिळेची माणसं.
पृथ्वी त्यांच्याकडे कासवाच्याच पाठीवर.

म्हटलं, कासव आमच्या देवळातही असतं,
आणि गावऱ्हाटीचा पाषाण उभाच.
ती हसली. मग विचारलं,
तुझ्या आईचं कूळ कुठलं?
त्यांच्यात लेकरू आईच्या कुळात मोजतात,
घर बाईचं, बियाणंही तिचंच.

मला सांगता येईना.
एक पिल्लू वाळूत उलटं पडलं होतं,
ते सरळ केलं.

तिनं दिलेला पांढरा मका घरी नेला.
राखेच्या पाण्यात उकळतात म्हणे.
आई वालाच्या बियांना राखच चोळत होती.
वर न बघता म्हणाली,
"चवळी नि भोपळो शेजारी लाय,
एकटो उभो ऱ्हवाचो नाय तो."
(तिघी बहिणी, वर्ना म्हणाली होती.)

मग माहेरचं नाव विचारलं.
हात थांबले.
"कोणी इचारलान?"
राखेच्या बोटांनी केस मागे सारले.
"शेवंती. शेवंती कोचरेकर."
आणि पुन्हा एकदा,
जरा मोठ्यानं,
परसातल्या कोंबड्यांना ऐकू जाईल इतकं.