आडवा हात

आमच्या घरात एक फोल्डर होतं, नाव 'सगळ्यांचं'.
फ्रिजवरच्या राउटरमागे, कूलरच्या खसवासात
पाच वर्षं ते उघडं,
परसदाराची कडी दुपारी कुणी लावत नाही तसं.

त्यात काय नव्हतं?
दादांचं पेन्शनचं पुस्तक, पानन्‌पान स्कॅन केलेलं,
बामणोदच्या भरीत पार्टीचे फोटो,
माझ्या बावीस गिऱ्हाइकांची पॅनकार्डं,
सगळे केळीवाले, फैजपूर-सावद्याकडचे,
आणि मामाच्या लग्नाची कॅसेट,
कॅसेटची सीडी, सीडीची फाइल.
पाहुणा म्हणून या, नाव विचारणार नाही,
असं ते यंत्र मुळातूनच होतं.
मी काही केलं नव्हतं.
मी काही केलं नव्हतं, हेच तर.

मे महिन्यात वरची खोली दिलवर पावराला दिली.
धडगावचा पोरगा, लोको शेडला अप्रेंटिस.
वायफायचा पासवर्ड आईनंच सांगून टाकला,
उन्हातून आलेल्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसा.
आठव्या दिवशी तो जिन्यात थांबला, चपला हातात.
"ताई, प्रिंटर शोधत होतो मोबाइलवर,
तर तुमच्या दादांचा मोतीबिंदूचा रिपोर्ट दिसला.
उघडला नाही. नाव तेवढं वाचलं."

रात्री सेटिंग काढून बसले.
पाहुणा बंद. प्रत्येकाला नाव, नावाला पासवर्ड,
आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दर पुडक्यावर सही.
खाली बारीक अक्षरांत:
जुनी उपकरणं जोडली जाणार नाहीत.
जुनं उपकरण म्हणजे आईचा टीव्ही.
त्याला सही येत नाही, अंगठेबहाद्दर.
आणि आई रोज दोन वाजता
मामाच्या लग्नाला जाते.

बोट उचललं मी.
म्हटलं, पोरगा चांगला आहे.
म्हटलं, काही झालंच तर बघू.

दादा जागेच होते.
एकतीस वर्षं भुसावळच्या केबिनात लिव्हर ओढलेला माणूस,
अजून मालगाडीच्या शिट्टीवर कूस बदलतो.
"काय करू राह्यली वं एवढ्या रातचं?"
सांगितलं, जमेल तसं.
"गाडी येऊ राह्यली म्हनून कोनी सिग्नल लाल करत नाही, बाई.
तो लालच राह्यतो. हात आडवाच.
जिले जायाचं तिच्यासाठी पाडा लागतो, तिच्यापुरता.
गेली का पुन्हा आडवा.
तार तुटली तरी आडवाच व्हईन, असा बांधेल राह्यतो तो."
"मग दिलवर?"
"ड्रायव्हर चांगला व्हता म्हनून
आम्ही काय हात पाडून झोपत व्हतो?"

दोन वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही म्हणाला, सर्व्हर सापडला नाही.
आईनं आधी त्याला दोन थापटा दिल्या, मग मला हाक.
मागं पेन ड्राइव्ह खोचला, त्यात लग्न एवढंच.
मामा पुन्हा हळदीत न्हाला.

दिलवरला एक नाव दिलं.
पासवर्ड त्यानं टाकला, मी खिडकीबाहेर बघत राहिले.
त्याला प्रिंटर दिसतो, बाकी काही नाही.
संध्याकाळी फॉर्म घ्यायला खाली आला,
आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा दिल्याशिवाय सोडलं नाही.

दादांनी पेपराआडून विचारलं,
"पाडला का हात?"
पाडला, म्हटलं. एका पानापुरता.